आजीच्या गालावरची पेन्सिल

आत्याने प्रिंट दोन्ही हातांत धरली, खिडकीकडे तोंड करून बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मी आपली शाबासकी घ्यायच्या तयारीत उभी. हाफ प्लेट आकाराच्या, म्हणजे पोस्टकार्डाहून जरा मोठ्या, जुन्या निगेटिव्हवरून काढलेली पॅलेडियम प्रिंट होती ती, चांदीऐवजी पॅलेडियम या धातूने कागदावर उतरवलेली. तीन दिवसांत सात कागद वाया घालवून आठवा जमला होता. निगेटिव्हचा लिफाफा आत्यानेच दिला होता, "तू ते जुन्या पद्धतीचे फोटो करतेस ना, मग बघ याचं काही होतंय का," असं म्हणून. तिने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकापाशी नेला, परत हातभर लांब धरला. मग म्हणाली, "सुंदर झालंय गं. पण आईचा व्रण कुठे गेला?"

कुठला व्रण, असं मी विचारलं, तेव्हा तिने स्वतःच्याच डाव्या गालावर बोट फिरवलं. कानाच्या पाळीपासून तिरकं खाली, ओठाच्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे थांबून. लहानपणी भाजल्याचा होता म्हणे. तांबूस, उन्हात गेलं की जास्तच दिसायचा. मी काहीतरी सांगत सुटले: उजेड त्या बाजूने जास्त पडला असेल, लेन्स मऊ असेल, इतक्या वर्षांत निगेटिव्ह उतरली असेल. तोंडाला येईल ते. आत्याने मान हलवली, लहान मुलांच्या थापांना हलवतात तशी, आणि म्हणाली, "असेल."

ते "असेल" माझ्या डोक्यातून जाईना.

आजी माझ्या जन्माआधीच गेली. तिचा फोटो एवढाच, हा एक. त्याची तळहाताएवढी प्रिंट आमच्या घरात पहिल्यापासून होती, पिवळी पडलेली, गडद भागात चंदेरी चमक वर आलेली, की तिरकी धरली तर आजीऐवजी आरसाच दिसावा. त्या प्रिंटमध्ये चेहरा एवढासा होता की गालावर व्रण असता काय आणि नसता काय. पण मला आजी म्हटलं की तो गुळगुळीत गालच आठवायचा. व्रण असलेली बाई मला माहीतच नव्हती. आणि गंमत म्हणजे आत्याच्या प्रश्नाचा राग आला तो त्यासाठी नाही. राग आला तो माझ्या प्रिंटवर शंका घेतली म्हणून. कारण हे काम मी करते ते ज्या एका गोष्टीच्या जोरावर, ती गोष्ट मी आल्यागेल्याला ऐकवत असते: निगेटिव्हमध्ये जे जे आहे ते सगळं पॅलेडियम कागदावर उतरवतं, काही गाळत नाही, काही झाकत नाही.

ते खोटंही नाही. ब्रोमाइड कागदाला, म्हणजे नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदाला, निगेटिव्हमधल्या दाट-विरळपणाचा जेवढा पट्टा पेलतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट पॅलेडियमला लागतो. त्यामुळे पांढऱ्या सुती कापडातली प्रत्येक सुरकुती वेगळी दिसते आणि मानेखालच्या सावलीत शिरलं तरी पाय ठेवायला जागा मिळत जाते. काळा रंग ब्रोमाइडइतका गडद कधीच होत नाही, पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रिंट जरा फिकीच वाटते. पण मग माणूस थांबतो. जिलेटिनचा थर नाही, चकाकी नाही, चित्र कागदावर नसून कागदातच आहे. धातूचे कण थेट कापसाच्या तंतूंना धरून बसलेले. रंग उबदार तपकिरी.

हाताने करायचं म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मंद पिवळ्या बल्बच्या उजेडात टेबलावर दोन लहान बाटल्या, दोन ड्रॉपर, एक काचेची वाटी. एका बाटलीत फेरिक ऑक्झलेट, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, दुसरीत पॅलेडियमचा क्षार. हाफ प्लेटला दोन्हींचे दहा-दहा थेंब पुरतात. थेंब मोजताना बोलायचं नाही. सातवा पडला की आठवा, असा संशय आला की वाटी धुऊन नव्याने सुरुवात, आणि धुऊन जातं ते काही साधंसुधं पाणी नसतं. मग वाटी हलकेच फिरवायची, मिश्रण कागदाच्या मधोमध ओतायचं आणि रुंद मऊ ब्रशने आधी आडवं, मग उभं, मग पुन्हा आडवं. हात हलका. जोर दिला की कागदाची लव उठते आणि तिथे पुढे ठिपके येतात. ब्रश डिस्टिल्ड पाण्यात भिजवून जवळजवळ कोरडा झटकलेला हवा, नाहीतर महागडं मिश्रण कागदाऐवजी ब्रशच पितो. कागद शंभर टक्के कापसाचा, आणि त्यात खडू नसलेला. हल्ली बरेचसे चांगले कागद आम्लापासून वाचावेत म्हणून त्यात खडू घालतात आणि तोच फेरिक ऑक्झलेटचा शत्रू. कागद टिकावा म्हणून केलेली सोय आमच्या मुळावर येते. हवा कोरडी असली तर लेप तंतूंत नीट मुरत नाही, दमट असली तर निगेटिव्हला चिकटायची भीती. दिवस मनासारखा नसला तर मी सरळ बाटल्या बंद करून ठेवते.

माझ्या वाया गेलेल्या सात कागदांपैकी दोन ब्रशने खाल्ले, एक माझ्या घाईने, आणि उरलेले चार मुद्दाम वाया घालवावे लागले. आजीची निगेटिव्ह पॅलेडियमच्या मानाने विरळ होती, ब्रोमाइडसाठी बेतलेली. नुसत्या पॅलेडियममध्ये चेहरा राखेसारखा सपाट आला. मग मिश्रणात प्लॅटिनमचा एक वेगळा क्षार, सोडियम क्लोरोप्लॅटिनेट, ज्याला हे काम करणारे लाडाने नुसतं "एनए-टू" म्हणतात, तो एक थेंब, मग दोन, मग जरा जास्त तीव्र द्रावणाचा एक, असं करत करत उठाव आणावा लागला. एका थेंबाने आजी दहा वर्षांनी तरुण व्हायची, दुसऱ्याने आजारातून उठल्यासारखी दिसायची. हे सगळं करताना गालावर काही नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं नाही. मला तिथे काही असायला हवं हेच ठाऊक नव्हतं.

उजेड दाखवणं हा भाग मुकाट्याचा. निगेटिव्हचा थर लेपाकडे, मध्ये पातळ पॉलिस्टरचा कागद, कारण दमट लेपाने ही निगेटिव्ह डागाळली तर दुसरी कुठून आणणार? प्रिंटिंग फ्रेमच्या पाठीमागच्या स्प्रिंगा चाप बसेपर्यंत दाबायच्या आणि अतिनील ट्यूबांच्या खाली आठ मिनिटं. एन्लार्जर नाही. प्रिंट निगेटिव्हएवढीच, ना तसूभर मोठी ना लहान. फ्रेमचा अर्धा पाट उघडून पाहिलं तर पिवळ्या-केशरी कागदावर अंधूकशी चाहूल दिसते, कुणीतरी दाराआड उभं असल्यासारखी. एवढंच.

या रसायनातली एक गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही. उजेड पॅलेडियमला हात लावत नाही. त्याचं सगळं देणंघेणं लोखंडाशी. किरण पडतील तिथे फेरिकचं फेरस होतं, आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र वर आणणाऱ्या द्रावणात, ते फेरस विरघळता विरघळता शेजारच्या पॅलेडियमच्या क्षाराला धातू करून सोडतं. मग लोखंडाचं काम संपलं. त्याला धुऊन काढायचं, राहिलं तर कागद पिवळा पडतो. म्हणजे उजेड पाहिला त्याने, आणि राहिलं ते दुसरंच कुणीतरी, ज्याने स्वतः काही पाहिलेलं नाही, फक्त शेजाऱ्याचं ऐकलं.

डेव्हलपर एका दमात ओतायचा असतो. पोटॅशियम ऑक्झलेट, किंचित कोमट. ट्रेमध्ये कोरडा कागद, हातात भरलेलं भांडं, आणि ओतताना मनगट अडखळलं तर जिथे अडखळलं तिथे कायमची रेघ. ब्रोमाइडच्या ट्रेमध्ये चित्र हळूहळू वर येतं, आपल्याला विचार करायला वेळ देतं. इथे तसं काही नाही. द्रावण पोचतं तिथे चित्र असतंच, डोळ्याची पापणी लवायच्या आत. पहिल्यांदा आजी आली तेव्हा मी भांडं हातात धरूनच उभी राहिले. हा डेव्हलपर टाकून द्यायचा नसतो. गाळून पुन्हा बाटलीत, कमी झाला की वर नवा ओतायचा. माझा चार वर्षांचा आहे, तळाशी काळी माती बसते, आणि जितका जुना तितका तो गोड चालतो. आजवरच्या सगळ्या प्रिंटांचं उरलंसुरलं त्यात आहे. त्यानंतर ईडीटीएच्या, म्हणजे उरलेलं लोखंड धुऊन काढणाऱ्या रसायनाच्या, तीन अंघोळी, पिवळेपणा जाईपर्यंत, मग अर्धा तास साधं पाणी. आणि ओल्या प्रिंटवर विश्वास ठेवायचा नाही. वाळली की ती एक पायरी गडद होते, ओली असताना चमकणारा गाल सकाळी उतरलेला असतो.

तर, असं सगळं निगुतीने करून काढलेल्या प्रिंटला आत्या म्हणाली होती, "असेल."

त्या रात्री मी निगेटिव्ह पुन्हा लाइट टेबलवर घेतली. लिफाफ्यातून काढताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. कडेवर "सेफ्टी" असं छापलेलं. म्हणजे अ‍ॅसिटेटची फिल्म, आणि तिचं कुजणं सुरू झालं की असा वास येतो. भिंग लावून गाल शोधायला लागले. काही नाही. दहा मिनिटांनी ध्यानात आलं की मी निगेटिव्ह थराच्या बाजूने पाहतेय, म्हणजे डावं-उजवं उलट, आणि इतका वेळ मी आजीच्या चुकीच्या गालावर डोळे फोडत होते. दुसऱ्या गालावर आले तरी तसं काही वेगळं दिसेना. मग उचलून टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरली, धूळ पाहायला धरतो तशी. आणि गालावर शिशाची चमक आली.

पेन्सिल. कानाच्या पाळीपासून तिरकी खाली, ओठाच्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे थांबलेली.

भिंगाखाली त्या रेघा नव्हत्याच. अगदी बारीक स्वल्पविराम, एकमेकांना न चिकटता शेजारी शेजारी मांडलेले, काही ठिकाणी आठाच्या आकड्यासारखे वळवलेले. मध्ये दाट, कडेला विरळ होत होत त्वचेत मिसळून गेलेले. डोळ्यांखालीही थोडे होते, कपाळावर चार-दोन. पण गालावरचं काम वेगळंच होतं. तिथे तो माणूस बसला होता. किती वेळ बसला असेल मला सांगता येणार नाही, पण मी भिंगातून मोजायला लागले आणि दीडशेच्या पुढे सोडून दिलं.

स्टुडिओतलं टचिंग मी लहानपणी ऐकलेला शब्द. त्याची पद्धत मात्र नंतर कळली. निगेटिव्हच्या थरावर पेन्सिल नुसती उमटत नाही. आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचा एक थेंब कापडाने चोळून पृष्ठभागाला खरखर आणायची. मग उतरत्या चौकटीतली घासलेली काच, खाली आरसा, आरशातून वर येणारा खिडकीचा उजेड, डोक्यावर काळं कापड. पेन्सिल कठीण शिशाची, टोक सँडपेपरवर घासून सुईसारखं लांब काढलेलं. निगेटिव्हमध्ये जे पारदर्शक ते प्रिंटमध्ये काळं. म्हणून काळा डाग घालवायचा तर तिथे शिसं भरायचं, म्हणजे उजेड अडेल. उलट एखादी जागा गडद करायची तर बारीक पात्याने थर खरवडायचा. आणि शिसं अतिनील किरणांनाही तेवढंच इमानदारीने अडवतं. माझ्या प्रिंटने काही गाळलं नव्हतं, काही झाकलं नव्हतं. निगेटिव्हमध्ये जे जे होतं ते सगळं तिने कागदावर उतरवलं होतं; पेन्सिलसकट. दुसऱ्या दिवशी मी प्रिंटच भिंगाखाली घेतली, आणि आता दिसलं की बाकी चेहऱ्याला त्वचेचा पोत आहे, त्या पट्ट्यात मात्र नाही. तिथे नुसता उजेड आहे.

मला फसवल्यासारखं झालं. कुणी, ते ठरवता येईना.

या कामात माझी एक दैवतं ठेवायची फळी आहे, आणि तिच्यावर पहिल्या जागी फ्रेडरिक इव्हान्स. लंडनमधला पुस्तकविक्रेता, कॅथेड्रलांच्या आतला उजेड टिपणारा. १९०३ मध्ये वेल्सच्या कॅथेड्रलमधल्या झिजलेल्या पायऱ्यांचा फोटो त्याने काढला, समुद्राच्या लाटांसारख्या वर चढत जाणाऱ्या. त्याच्या भोवतीचे कित्येकजण ब्रशने, गोंदाने, खरवडून निगेटिव्ह आणि प्रिंट यांचं चित्र बनवत होते, आणि हा एकटा हटून बसलेला: साध्या निगेटिव्हवरून साधी प्लॅटिनम प्रिंट, टचिंग नाही. प्लॅटिनमची ही पद्धत विल्यम विलिस या इंग्रजाने १८७३ मध्ये पेटंट केली. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम स्फोटकांसाठी लागणारं आम्ल बनवायच्या कामी गेलं, तयार कागद मिळेना, परवडेना, आणि इव्हान्सने पुढे फोटोग्राफी जवळजवळ सोडूनच दिली. त्याच टंचाईत विलिसच्या प्लॅटिनोटाइप कंपनीने पॅलेडियमचा कागद बाजारात आणला. म्हणजे माझं हे पॅलेडियम मुळातलं बदली कामगार. (मधल्या काही वर्षांत, गाड्यांच्या धुराड्यांसाठी मागणी वाढून, बदलीचा भाव मूळ मालकाच्या वर गेला होता. असो.) इव्हान्सचा तो हट्ट मी जसाच्या तसा उचलला होता. डागसुद्धा पुसायचे नाहीत. आणि आता माझ्या हाताखालून, माझ्याच आजीची, गाल झाकलेली प्रिंट निघाली होती.

उपाय सोपा होता, तेच वाईट. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाने राळ सुटते, राळेबरोबर शिसं. मी काडीला कापूस गुंडाळला. कोपऱ्यात, चित्राच्या बाहेर, फिल्मच्या कडेवर एकदा फिरवून पाहिला. थराला काही झालं नाही. मग काडी गालाच्या वर नेली आणि तशीच धरून ठेवली. हात भरून आला तशी खाली ठेवली. पुन्हा उचलली. हे मी दोन संध्याकाळी केलं.

पहिल्या संध्याकाळी थांबले ती निव्वळ भीतीने. कुजायला लागलेल्या अ‍ॅसिटेटचा पाया आक्रसतो आणि वरचा थर सुरकुत्या पडून सुटू लागतो. एखाद्या घासात आजीचा गालच कापसावर आला असता. दुसऱ्या संध्याकाळी कारण वेगळं होतं. मी ओठांकडे पाहत होते. ओठ फार गडद होते, जवळजवळ काळे, कोणाच्याही ओठांचा रंग असा नसतो. म्हणजे फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असणार. तिला लाल दिसतच नाही, लाल ते सगळं काळं. आत्या काय म्हणाली होती? तांबूस. समोर बसलेल्या बाईच्या गालावर तांबूस पट्टा होता, आणि फिल्मने त्याची काळीकुट्ट चर केली असणार. टचिंग करणाऱ्याच्या हाती निगेटिव्ह आली तेव्हा तीही खरी आजी नव्हती. एकाने नको इतकं दाखवलं, दुसऱ्याने सगळंच पुसलं. मी कापूस फिरवला असता तर खाली आत्याची आई निघाली नसती. निघाली असती ती ऑर्थो फिल्मची.

खरं सांगायचं तर त्यानंतर मला त्या पेन्सिलवाल्याबद्दल आपुलकीच वाटायला लागली. दीडशेहून जास्त स्वल्पविराम, एकही न घसरलेला. तेवढ्या संयमाने मला ब्रश फिरवता आला असता तर दोन कागद वाचले असते. मी हाताने काम करते म्हणून माझी प्रिंट प्रामाणिक, असं मी मानून चालले होते. त्याचंही हातकामच होतं की.

पेन्सिलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पॅलेडियम हा धातू शोधला विल्यम वॉलस्टन याने, १८०२ मध्ये, आणि नुकत्याच सापडलेल्या पॅलस या लघुग्रहावरून त्याला नाव दिलं. शोध मात्र त्याने रीतसर जाहीर केला नाही. १८०३ मध्ये लंडनच्या एका दुकानातून "नवी चांदी" म्हणून निनावी विकायला ठेवला. एका रसायनज्ञाने घाईने जाहीर करून टाकलं की हे मूलद्रव्यच नाही, प्लॅटिनम आणि पाऱ्याचं मिश्रण आहे. वॉलस्टन गप्प, आणि मग १८०५ मध्ये म्हणाला, तो मीच. याच माणसाने १८०६ मध्ये कॅमेरा ल्युसिडाचं पेटंट घेतलं: एक लहानसा प्रिझम, त्यातून पाहिलं की समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं, आपण पेन्सिलने गिरवायचं. १८३३ मध्ये हेन्री फॉक्स टॅलबट हा गृहस्थ इटलीत कोमो सरोवराकाठी हेच यंत्र घेऊन बसला होता. प्रिझममध्ये दिसायचं स्वर्गासारखं, आणि डोळा बाजूला केला की कागदावर त्याच्या पेन्सिलचे केविलवाणे ओरखडे. त्या वैतागातून त्याच्या मनात आलं की हे चित्र आपलं आपणच कागदावर उमटलं तर? निगेटिव्हवरून प्रिंट काढायची आपली सगळी तऱ्हा तिथून आली, आणि १८४४ पासून भागाभागांनी काढलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावही "निसर्गाची पेन्सिल" अशाच अर्थाचं आहे. माणसाच्या पेन्सिलला कंटाळून निघालेली विद्या, आणि तिच्या पहिल्या शंभरेक वर्षांत स्टुडिओस्टुडिओंत माणसं पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर ओणवी. मला हे आठवलं आणि एकटीच हसले.

पंधरा दिवसांनी आत्याकडे गेले. निगेटिव्ह नेली, भिंग नेलं, लहान लाइट टेबल नेलं. तिला सगळं दाखवलं. भिंग डोळ्याला लावायला तिला वेळ लागला, पापण्या मध्ये येत होत्या. मग सापडलं. "अगोबाई," म्हणाली, "केवढं कोरलंय." रागावेल असं मला वाटलं होतं. ती उलट म्हणाली, की आई फोटोला कधी उभीच राहायची नाही, कुणी कॅमेरा काढला की आत निघून जायची. हा एकच कसा काय काढला कोण जाणे. आणि आल्यावर तिला तो आवडला होता. पुढचे कितीतरी दिवस तो हाताशी ठेवायची, काम करता करता एकदा बघून घ्यायची. "आम्हाला वाटायचं, स्वतःवरच खूश आहे."

मग थोड्या वेळाने, वेगळंच काही बोलत असल्यासारखं, "मी झोपताना तिथे बोट ठेवायचे. अंधारात. गुळगुळीत लागायचा तो, बाकी गालापेक्षा मऊ."

मी विचारलं, कापसाने पुसून बघू का. काय होईल ते सांगितलं, थर सुटायची भीतीही सांगितली. ती म्हणाली, "नको. तिला आवडलेला आहे तो." आणि प्रिंट मांडीवर घेऊन बसली. मी तिला या प्रिंटा किती टिकतात ते सांगायला लागले. पॅलेडियम हवेला दाद देत नाही, चांदीसारखं काळवंडत नाही. कागदाची मात्र तशी खात्री नाही. प्लॅटिनमच्या जुन्या प्रिंटांची तर एक खोड आहे: वर्षानुवर्षं एखादा कागद त्यांच्या तोंडाला तोंड लावून ठेवला तर त्या कागदावर चेहऱ्याची तपकिरी सावली उमटते. शाई नाही, उजेड नाही. धातूच्या सान्निध्याने समोरचा कागद तिथे तिथे लवकर म्हातारा होतो, एवढंच. जुन्या प्रिंटा तपासणारे त्या सावलीवरून ओळखतात की समोरची प्रिंट प्लॅटिनमची आहे. आत्या ऐकत नव्हती. तिचा अंगठा प्रिंटवर होता, गालावर, आणि मी "अगं, हात नको लावूस" एवढं म्हणायच्या आत तो दोनदा वर-खाली फिरूनही गेला होता. तिला काही लागलं नसणार. कापसाचा कागद आहे, सगळीकडे सारखाच.

"पेन्सिल आहे का गं तुझ्याकडे?"

होती. निगेटिव्हच्या लिफाफ्यांवर लिहायला मी नेहमी ठेवते. तिच्या हातात दिली, तेव्हा मला वाटलं प्रिंटच्या मागे काही लिहायचं असेल, नाव, साल. तिने प्रिंट उलटी केली नाही. डावा हात कागदाच्या कडेवर सपाट ठेवला, कोपर मांडीला टेकवलं, जीभ किंचित बाहेर. माझ्या पोटात गोळा आला. सात कागद, दहा-दहा थेंब, इव्हान्स, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि मी काही बोलले नाही. पॅलेडियमच्या प्रिंटवर पेन्सिल फार सुरेख चालते, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. चकाकी नाही, थर नाही, शिसं तंतूंत बसतं आणि धातूशेजारी धातूसारखंच दिसतं. कानाच्या पाळीपासून, तिरकं, हात थरथरत होता म्हणून रेघ तुटक तुटक, जवळजवळ स्वल्पविरामांसारखी. ओठाच्या कोपऱ्यापाशी येऊन ती थांबली.

प्रिंट तिने हातभर लांब धरली, डोळे बारीक केले.

"छे," म्हणाली, "एवढा लांब नव्हता. खोडरबर दे."